सायकल घरात आणताना : इनडोअर ट्रेनरची निवड

जूनमध्ये पाऊस स्थिरावला की पुण्या-मुंबईतील हौशी सायकलस्वारांची पंचाईत होते. खड्डे पाण्याखाली दिसेनासे होतात, रस्त्यावर तेल आणि चिखल यांचा निसरडा थर साचतो आणि पहाटेच्या अंधारात मागून येणाऱ्या वाहनचालकाला सायकल दिसेलच याची खात्री उरत नाही. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये सुमारे ४,८०० किलोमीटरची 'रेस अक्रॉस अमेरिका' ही शर्यत जोडीने पूर्ण केली. पाठोपाठ २०१७ मध्ये श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पार केली. तेव्हापासून लांब पल्ल्याच्या सायकलिंगकडे गांभीर्याने पाहणाऱ्यांची संख्या महाराष्ट्रात वाढली. अशांना चार महिन्यांची सक्तीची विश्रांती परवडत नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाली आणि व्यायामशाळा बंद पडल्या, तेव्हा ज्यांनी कधी शर्यतीचा विचारही केला नव्हता अशी कुटुंबेही घरातल्या घरात सायकल चालविण्याच्या साधनांकडे वळली. त्यांपैकी बरीच साधने आज कपडे वाळत घालण्याच्या कामी येत आहेत, हेही तितकेच खरे.

असे का होते, याचे कारण बहुधा खरेदीच्या वेळीच दडलेले असते. ट्रेनर निवडताना ग्राहक त्याची कमाल शक्ती किती वॅट, तो चढ किती टक्क्यांपर्यंत दाखवतो आणि मोबाइलला जोडता येतो का, एवढेच पाहतो. घर कसे आहे, खालच्या मजल्यावर कोण राहते, आपल्या सायकलच्या मागच्या चाकाची बांधणी कोणती, या प्रश्नांची उत्तरे शोधायची वेळ खोके उघडल्यावर येते. वास्तविक निवडीची सुरुवात इथूनच व्हायला हवी.

आधी एक मूलभूत फरक लक्षात घ्यावा. ट्रेनर म्हणजे आपली नेहमीचीच सायकल जागेवर चालविण्याची सोय. एक्सरसाइज सायकल हे मात्र स्वतंत्र यंत्र असते. घरातील एकच व्यक्ती सायकल चालविणार असेल आणि तिच्याकडे बरी गिअरची सायकल असेल, तर ट्रेनर सोयीचा पडतो. शरीराला सवयीची झालेली बैठक त्यात तशीच राहते. मात्र आई-वडील, मुले आणि स्वतः अशा तिघाचौघांनी आळीपाळीने वापरायचे असेल, तर सीट झटकन वर-खाली करता येणारी एक्सरसाइज सायकलच घ्यावी. गुडघे किंवा कंबर दुखणाऱ्या ज्येष्ठांसाठी पाठीला टेकण असलेला, पाय पुढे करून बसण्याचा प्रकार अधिक सुरक्षित असतो, कारण त्यावर चढणे-उतरणे सोपे जाते. जड चाकाच्या 'स्पिन बाइक'बाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. तिच्यापैकी अनेक यंत्रांत चाक आणि पेडल एकमेकांना पक्के जोडलेले असतात. पाय थांबवले तरी पेडल फिरतच राहते आणि नवख्याच्या पोटरीला किंवा घोट्याला फटका बसू शकतो. ताण वाढविण्याची मूठ खाली दाबली की चाक थांबते, हे पहिल्याच दिवशी घरातील प्रत्येकाला दाखवून द्यावे.

रोध कसा निर्माण होतो?

रस्त्यावर सायकलस्वाराला अडवते ती मुख्यतः हवा, आणि चढावर गुरुत्वाकर्षण. घरात या दोहोंची जागा यंत्राने घ्यावी लागते. ती कशी घेतली जाते, यावरून ट्रेनरचे प्रकार पडतात.

सर्वांत जुना आणि साधा प्रकार रोलरचा. चौकटीत बसविलेल्या तीन नळकांड्यांवर सायकल नुसती ठेवली जाते. मागच्या चाकाखाली दोन, पुढच्या चाकाखाली एक, आणि पट्ट्याने पुढचे नळकांडे मागच्याशी जोडलेले. सायकल कुठेही बांधलेली नसल्याने तोल सांभाळावा लागतो. पेडल गोलाकार, एकसारखे मारण्याची सवय लावण्यात रोलरचा हात धरणारे दुसरे साधन नाही. पण पहिले काही दिवस दाराच्या चौकटीत किंवा भिंतीला हात पोहोचेल अशा जागीच बसावे लागते, आणि थकून धापा टाकेपर्यंतचा जोरकस सराव त्यावर नवख्याला जमत नाही. केवळ घाम गाळण्यासाठी सायकल हवी असणाऱ्याने या वाटेला न गेलेलेच बरे.

दुसरा प्रकार मागचे चाक लोखंडी घोडीत अडकवून टायरला एक छोटा रूळ टेकविण्याचा. रुळाला रोध मिळतो तो पंख्याने, चुंबकाने किंवा द्रवाने. पंख्याच्या ट्रेनरमध्ये वेग दुप्पट केला, तर लागणारी शक्ती जवळजवळ आठपट होते. रस्त्यावरील हवेचा अनुभव त्यामुळे बऱ्यापैकी खरा वाटतो, परंतु आवाज इतका होतो की सदनिकेत राहणाऱ्याने त्याचा विचारही करू नये. चुंबकीय ट्रेनरमध्ये धातूची चकती चुंबकांच्या मधून फिरते. चकतीत निर्माण होणारे विद्युतप्रवाह तिच्या गतीलाच विरोध करतात. हॅण्डलवर लावलेल्या खटक्याने चुंबक जवळ-लांब करून हा विरोध कमी-जास्त करता येतो. हा प्रकार स्वस्त आणि टिकाऊ आहे. त्याची उणीव एवढीच, की वेगाबरोबर रोध सरळ प्रमाणात वाढतो. जोरात पेडल मारले तरी रस्त्यासारखी झुंज जाणवत नाही, मग खटका पुन्हा पुन्हा हलवावा लागतो. द्रवाच्या ट्रेनरमध्ये बंद डबीत सिलिकॉन तेल असते आणि त्यात पाते फिरते. वेग वाढेल तसा रोध आपोआप चढत जातो आणि तोही गुळगुळीतपणे. तेल तापेपर्यंतची पहिली पाच-दहा मिनिटे रोध थोडा बदलत राहतो. वीज लागत नाही, आवाज माफक आणि समायोजनाची कटकट नाही, म्हणून संगणकीय करामतींचे आकर्षण नसणाऱ्या मध्यम हौशी माणसाला आजही द्रवाचा ट्रेनर हीच समंजस निवड ठरावी.

तिसरा प्रकार 'डायरेक्ट ड्राइव्ह'चा. यात मागचे चाक काढूनच टाकायचे आणि सायकलची चेन थेट ट्रेनरवर बसविलेल्या दात्यांच्या चकत्यांवर चढवायची. टायर नाही, म्हणून घसरणे नाही, झिजणे नाही, हवेच्या दाबाची काळजी नाही. आतील फ्लायव्हील चांगले जड असते. वाहू कंपनीच्या 'किकर' या २०१२ मध्ये आलेल्या आणि या प्रकाराला घरोघरी नेणाऱ्या ट्रेनरचे फ्लायव्हील सुमारे सात किलोंचे आहे. हे वजन कशासाठी, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. रस्त्यावर स्वार आणि सायकल मिळून ऐंशी-नव्वद किलोंचे वस्तुमान पुढे धावत असते, त्यामुळे पेडल सर्वांत वर किंवा सर्वांत खाली असताना जोर कमी पडला तरी गती टिकते. जागेवरच्या सायकलला हा आधार फ्लायव्हीलकडून मिळतो. ते हलके असेल तर प्रत्येक फेऱ्यात हिसका बसतो आणि अर्ध्या तासात गुडघे कुरकुरू लागतात. मात्र हे यंत्र पंधरा ते वीस किलोंचे असते, किंमत लाखाच्या घरात जाऊ शकते, आणि प्रत्येक वेळी चाक काढण्या-बसविण्याचा काळाकुट्ट तेलकट उद्योग करावा लागतो. तीच सायकल रोज रस्त्यावरही न्यायची असेल, तर हा उद्योग महिन्याभरात नकोसा होतो. एखादी जुनी सायकल कायमची ट्रेनरवर चढवून ठेवणे, हा त्यावरचा शहाणपणाचा तोडगा.

आपली सायकल बसेल का?

या प्रश्नाकडे दुकानदारही पुष्कळदा दुर्लक्ष करतात, आणि भारतीय ग्राहक सर्वाधिक फसतो तो येथेच. आपल्याकडील बहुसंख्य साध्या गिअरच्या सायकलींना मागे सहा किंवा सात चकत्यांचे 'फ्रीव्हील' असते. ते चाकाच्या तुंब्यावर आट्यांनी घट्ट बसवलेले असते. डायरेक्ट ड्राइव्ह ट्रेनरवर मात्र 'कॅसेट' बसते. ती खाचांच्या नळीवर सरकवून वरून टोपणाने आवळायची असते. फ्रीव्हील काढून ट्रेनरवर चढवता येत नाही. सातऐवजी आठ चकत्यांची कॅसेट आणून काम भागवता येते, पण गिअरचा खटका सात ठिकाणांपुरताच आखलेला असल्याने जुळवाजुळव पूर्ण होत नाही आणि एखादा गिअर खडखडत राहतो. आठ ते बारा गिअरच्या सायकलींना ही अडचण सहसा येत नाही. तरीही ट्रेनरबरोबर कॅसेट मिळते की वेगळी घ्यावी लागते, आणि ती आपल्या गिअरसंख्येची आहे का, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे.

दुसरी बाब मागच्या आसाची. रेसिंग सायकलींना पूर्वीपासून झटपट सुटणारा, बारीक सळईचा खटका असतो. डिस्क ब्रेकच्या नव्या सायकलींना बहुधा १२ मिलिमीटर जाडीचा आरपार आस असतो. आणि रोजच्या वापरातील साध्या सायकलींना दोन्ही बाजूंना नट आवळलेला भरीव आस असतो. टायरवर टेकणारे ट्रेनर आसाच्या दोन टोकांना चिमटीत पकडतात. त्यासाठी बहुतेक कंपन्या एक खास पोलादी खटका सोबत देतात. सायकलचा मूळ, हलका खटका या चिमटीत वापरू नये, तो निसटण्याची शक्यता असते. नटच्या सायकलीसाठी वेगळा जोड लागतो आणि तो प्रत्येक कंपनी देतेच असे नाही. आरपार आसासाठीही योग्य लांबीचा तुकडा हवा. कार्बन फायबरच्या चौकटी ट्रेनरवर वापरल्यास काही सायकल कंपन्या हमी नाकारतात. महागडी सायकल असणाऱ्याने हमीपत्रातील बारीक अक्षरे वाचून घ्यावीत.

टायरविषयीही थोडे. डोंगरी सायकलीचे खाचाखाचांचे टायर रुळावर टेकले, की घरभर भुंग्यासारखा घुमणारा आवाज होतो आणि टायर झपाट्याने झिजतो. गुळगुळीत टायर घालणे भाग आहे. हवा टायरच्या कडेला छापलेल्या मर्यादेत आणि दर वेळी सारखीच भरावी. हवा कमी असेल तर टायर रुळावर घसरतो आणि यंत्रावरील आकडे निरर्थक ठरतात.

सर्वांत चांगली परीक्षा म्हणजे आपली सायकलच दुकानात नेणे, ती ट्रेनरवर चढवायला सांगणे आणि दहा मिनिटे चालवून पाहणे. याला नकार देणाऱ्या दुकानातून वीस-पंचवीस हजारांची वस्तू घेण्याचे कारण नाही.

शेजारी, घाम आणि लहान मुले

सदनिकेत राहणाऱ्याच्या दृष्टीने आवाज दोन प्रकारचा असतो. एक कानाला ऐकू येणारा. टायरचा, चेनचा आणि पंख्याचा. दुसरा कंपनाचा. तो फरशीतून, स्लॅबमधून खालच्या घरात उतरतो आणि तेथे छतातून येणाऱ्या सततच्या गुरगुरीसारखा जाणवतो. 'अगदी नि:शब्द' अशी जाहिरात केलेला ट्रेनर पहिल्या बाबतीत खरा उतरतो, दुसऱ्या बाबतीत नेहमीच नाही. ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ ही रात्रीची वेळ धरून ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ती परिसरातील आवाजाची आहे, एखाद्या घरातील यंत्राची नव्हे. परंतु पहाटे पाचला सराव करणाऱ्याने खालच्या मजल्यावरील शेजाऱ्याचा विचार नियमाची वाट न पाहता करावा. जाड रबरी चटई हा पहिला उपाय. दुसरा, फारसा माहीत नसलेला उपाय म्हणजे जागा बदलणे. स्लॅबच्या मधोमध कंपन सर्वाधिक होते, खांबाजवळ किंवा तुळईवर कमी. ट्रेनर दिवाणखान्याच्या मध्यातून कोपऱ्याकडे सरकवला, तरी तक्रार पुष्कळदा थांबते. घेण्यापूर्वी शेजाऱ्यांना एकदा घरी बोलावून, चहा देऊन, यंत्र चालवून दाखविणाऱ्यांना पुढे त्रास झाल्याचे सहसा ऐकिवात नाही.

घामाचा प्रश्न आपल्या हवामानात त्याहून बिकट आहे. मानवी शरीर खर्च केलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम पाचवा ते चौथा भाग पेडलपर्यंत पोहोचवते, उरलेली सगळी उष्णता होते. मध्यम जोराने १५० वॅट शक्ती लावणारा माणूस खोलीत सुमारे ५०० वॅट उष्णता ओततो. अर्ध्या क्षमतेने चालणारी इस्त्री समोर ठेवल्यासारखेच ते आहे. रस्त्यावर ताशी २५ किलोमीटर वेगाने जाताना सेकंदाला सात मीटर वारा अंगावरून वाहतो. तो घाम वाळवतो, शरीर थंड ठेवतो. घरात वारा नाही, आणि मुंबई-कोकणच्या दमट हवेत घाम वाळतही नाही. परिणामी हृदयाचे ठोके वाढतात आणि त्याच श्रमाला दम अधिक लागतो. ट्रेनरला कंटाळलो, असे म्हणणाऱ्यांपैकी अनेक जण खरे तर उष्णतेला कंटाळलेले असतात. छताचा पंखा यासाठी अपुरा आहे. उंची कमी-जास्त होणारा, जोरदार हवेचा उभा पंखा समोरून छातीवर येईल असा ठेवावा आणि त्याची किंमत ट्रेनरच्या किमतीतच धरावी. पाण्याची बाटली हाताशी असावी, आणि तासाभराच्या सरावात चिमूटभर मीठ घातलेले लिंबूपाणी उपयोगी पडते.

घाम सायकललाही सोडत नाही. रस्त्यावर तो वाऱ्याने उडून जातो, घरात मात्र थेट हॅण्डलच्या बोल्टवर आणि पुढच्या बेअरिंगवर ठिबकतो. महिनोन्महिने लक्ष न दिल्यास टेपखाली गंज धरतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. हॅण्डलवर आडवा टॉवेल टाकणे आणि सराव संपताच ओल्या, मग कोरड्या फडक्याने सायकल पुसणे एवढे नियमाने करावे.

घरात लहान मूल असेल, तर बाकी सारे निकष दुय्यम ठरतात. उघडे फिरणारे फ्लायव्हील, चेन आणि चाकाच्या तारा यांत बोट गेल्यास गंभीर इजा होते, आणि स्वार पुढे पाहत असल्याने मागून रांगत आलेले मूल त्याला दिसत नाही. अशा घरात चक्रावर पूर्ण आवरण असलेली एक्सरसाइज सायकलच योग्य, आणि ट्रेनर घेतलाच तर दार आतून लावता येईल अशा खोलीत तो ठेवावा. चुंबकीय ट्रेनरचा रोधाचा डबा सरावानंतर हात भाजण्याइतका तापलेला असतो, हेही लक्षात असू द्यावे.

'स्मार्ट' कितपत?

मोबाइल किंवा संगणकाशी बिनतारी जोडला जाणारा आणि त्याच्या हुकमाने रोध बदलणारा तो स्मार्ट ट्रेनर. पडद्यावर चढ आला, की पेडल जड होते. 'झ्विफ्ट'सारख्या आज्ञावलींमुळे जगभरच्या स्वारांबरोबर आभासी रस्त्यावर शर्यत लावता येते. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने डिसेंबर २०२० मध्ये या प्रकारची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही भरविली आणि तीत जर्मनीचा जेसन ऑस्बोर्न व दक्षिण आफ्रिकेची ॲशली मूलमन-पासिओ विजेते ठरले. ज्याला एकट्याने भिंतीकडे पाहत पेडल मारणे असह्य होते, त्याच्यासाठी या खेळात खरे आकर्षण आहे आणि त्यासाठी मोजलेले जादा पैसे वाया जात नाहीत. मात्र झ्विफ्टसारख्या सेवांना दरमहा शुल्क असते. 'मायवूश' ही विनाशुल्क सेवाही आहे. खरेदीपूर्वी ती महिनाभर वापरून पाहणाऱ्या मित्राकडे एक चक्कर मारावी.

स्मार्ट ट्रेनरच्या एका सोयीबद्दल सावध राहावे. ठरावीक वॅट लावून दिले, की पायांचा वेग काहीही असो, यंत्र तेवढीच शक्ती वसूल करते. पाय मंदावले, की ते रोध वाढवते. रोध वाढला की पाय आणखी मंदावतात, आणि क्षणार्धात पेडल थिजते. असे झाल्यास जोर न करता थांबावे, काही सेकंदांनी हलक्या पायांनी पुन्हा सुरुवात करावी. गुडघ्यांची दुखणी पुष्कळदा या झटापटीतून सुरू होतात.

आकड्यांवरही अतिविश्वास नसावा. चांगले डायरेक्ट ड्राइव्ह ट्रेनर एक-दोन टक्क्यांच्या अचूकतेचा दावा करतात, टायरवर टेकणारे सुमारे पाच टक्क्यांचा. दोन वेगळ्या ट्रेनरचे आकडे एकमेकांशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. त्याच यंत्रावर कालच्या स्वतःशी तुलना करावी. कॅलरींचा हिशेब तर सोपा आहे. १५० वॅट तासभर म्हणजे ५४० किलोज्यूल काम, आणि शरीराची कार्यक्षमता पाहता साधारण तेवढ्याच किलोकॅलरी खर्च होतात. तेवढ्याच श्रमाला यंत्र ९०० दाखवीत असेल, तर ते मालकाला खूश करीत आहे.

वीज जाण्याचा प्रश्न शहराच्या उपनगरांतही संपलेला नाही. बहुतेक विजेवरचे ट्रेनर वीज जाताच रोध सोडून देतात, आणि उभे राहून जोर लावणाऱ्याचा पाय एकदम रिकामा जातो. अमेरिकेहून येणाऱ्या नातेवाइकांबरोबर ट्रेनर मागविणाऱ्यांनी अडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले आहे का, हे पाहून घ्यावे. केवळ ११० व्होल्टचा असल्यास तो येथे जळेल. शिवाय खोक्यासह वजन विमान कंपनीच्या २३ किलोंच्या मर्यादेत बसेलच असे नाही, आणि परदेशातील हमी येथे बहुधा चालत नाही.

शरीराचे माप

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचविला आहे. पाच दिवस अर्धा-अर्धा तास ट्रेनरवर बसल्यास त्याची किमान मर्यादा गाठता येते. मध्यम श्रम म्हणजे बोलता येईल पण गाता येणार नाही, इतपत. पेडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित, सुमारे २५ ते ३५ अंश वाकलेला असावा. सीट खाली ठेवून चालविणे हे आपल्याकडच्या गुडघेदुखीचे मोठे कारण आहे. रस्त्यावर माणूस नकळत सीटवरून उठतो, सरकतो. ट्रेनरवर तो अर्धा तास एकाच जागी दाब देत राहतो. दर दहा मिनिटांनी काही क्षण उभे राहून पेडल मारावे. सायकलिंगमध्ये शरीराचा भार हाडांवर पडत नाही, म्हणून चाळिशी ओलांडलेल्यांनी, विशेषतः स्त्रियांनी, चालणे आणि वजने उचलण्याचे व्यायाम सोडू नयेत. हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय जोरकस सराव सुरू करू नये.

वापरलेला ट्रेनर घेणे हाही चांगला पर्याय आहे, कारण टाळेबंदीच्या काळातील उत्साहाने घेतलेली यंत्रे अल्प वापरानंतर विकायला निघालेली दिसतात. द्रवाच्या ट्रेनरखाली तेलाचा डाग आहे का ते पाहावे. असल्यास तो घेऊच नये. रूळ हाताने फिरवून खरखर जाणवते का, रुळावर खाच पडली आहे का, हे तपासावे. डायरेक्ट ड्राइव्ह यंत्र दहा मिनिटे चालवून आतील पट्ट्याचा टकटक आवाज ऐकावा आणि मूळ अडॅप्टर सोबत आहे याची खात्री करावी. स्मार्ट ट्रेनर असेल तर आपल्याच मोबाइलशी तो तेथल्या तेथे जोडून पाहावा. आणि घोडीचे पाय उघडून जमिनीवर ठेवल्यावर ती डगमगत नाही, चारही टोके फरशीला टेकतात, हे घरी आणण्यापूर्वीच पाहून घ्यावे.